सपाटी कुठून येते

दिवाळी सरली की खाडीवरचा वारा फिरतो. पावसाळाभर मिठागरात साचलेलं गोडं पाणी तोवर ओहोटीबरोबर काढून दिलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या चिखलाला ऊन लागून वास सुटतो. शिळ्या अंड्यासारखा, थोडासा गंजलेल्या लोखंडासारखा. मुलुंड स्टेशनच्या बाजूला राहणारी माणसं इकडे आली की नाकाला रुमाल लावतात. आमचं घर मिठागराच्या कडेलाच असल्यामुळे आम्हाला तो एरवी जाणवतही नाही. आज सकाळी तांदूळ निवडताना मात्र तो एकदम आला आणि सूप हातात तसंच राहिलं. कोंड्या मळायचे दिवस आले.

कोंडी म्हणजे बांध घालून केलेला चिखलाचा चौकोन. त्यात खाडीचं पाणी घेऊन उन्हात आटवतात आणि मीठ धरतात. पण त्याआधी तिचा तळ घट्ट आणि सपाट व्हावा लागतो, आणि ते काम पायांचं. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग धरतात, आणि चिखल तुडवत एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे जातात. मग पुन्हा मागे. थप, थप, थप. घरात बसून तो आवाज ऐकला तर वाटतं, एखादं मोठं जनावर बाहेर निजलं आहे आणि श्वास घेतं आहे. मला त्या आवाजात अधूनमधून एक थाप वेगळी ऐकू येते, सगळ्यांच्या मागून पडणारी, अगदी हलकी. माझी ठमी चालायला शिकलीच नव्हती, म्हणून ती थाप तिची असणार नाही, हे मला कळतं. कळून काही फरक पडत नाही.

ठमी आमची पहिली. खूप वर्षांपूर्वी, आषाढात तापाने गेली. भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. दात शिवशिवत म्हणून हाताला येईल ते चावायची. माझ्या पदराचं टोक तर सदा ओलं. ती गेल्यावर कितीतरी दिवस पदर खांद्यावर घेताना मी ते टोक चाचपून बघायची. कोरडं असायचं.

एवढ्या लहान जिवाला आमच्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. आणि आईने तिथे जायचं नसतं. हे आणि माझे धाकटे दीर वसंत भाऊजी, दोघेच गेले. बाहेर पाऊस लागला होता. ह्यांच्या हातात पांढरं गाठोडं होतं आणि भाऊजींच्या खांद्यावर फावडं. मी दारातून बघत होते. बांधाच्या वळणावर दोघे दिसेनासे झाले. माझ्याकडे तेवढंच आहे, ते वळण.

परत आल्यावर हे मोरीवर पाय धूत होते. मी विचारलं, "कुठे?"

"बाहेरच्या बांधापलीकडे," हे म्हणाले. "तिवराखाली. चांगली जागा आहे."

त्यानंतरच्या मोठ्या उधाणात बाहेरचा बांध फुटला. पाणी आमच्या पायरीला लागलं. पाऊस गेल्यावर मिठागराच्या शेटने ठरवलं, की नवा बांध जुन्याच्या जागी न घालता खाडीच्या बाजूला पुढे न्यायचा. म्हणजे पूर्वी जे खाजण, भरतीला बुडणारी दलदल, बांधाच्या बाहेर होतं, ते आत आलं, आणि तिथे एक नवी मोठी कोंडी निघाली. नव्या बांधाला लागून तिवराचं एक झाड उभं होतं. हे मला म्हणाले, "तेच ते." मला किती बरं वाटलं होतं! कोंडी कुठे का असेना, झाड कोंडीच्या बाहेर होतं. पाणी भरायला जाताना वाट वाकडी करून मी त्याच्या बुंध्याशी परसातलं तगरीचं फूल ठेवायची. भरती आली की फूल जायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं.

ह्यांच्याकडे मिठागराची मुकादमी. वसंत भाऊजी आमच्याकडेच राहत आणि रोज शहरात एका संशोधनाच्या संस्थेत जात. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप घेऊन बांधावर जाऊन बसायचे आणि कोंडी मळणारी रांग बघत राहायचे. रांगेची म्होरकी हिराबाई. आगऱ्यांची बाई, आवाज खणखणीत. तिने एकदा चिखलातूनच त्यांना विचारलं,

"काय मास्तर, शिकता तरी काय एवढं?"

"रिकाम्या जागेचा अभ्यास करतो, हिराबाई."

"रिकाम्या? म्हंजे तिथं काय नाय?"

"काहीच नाही."

"आन त्याचा पगार देतात?"

"देतात थोडा."

"मग आमच्या शेटला नका सांगू हा! रिकामी जागा म्हटली की तिथं पण बांध घालील."

सगळी रांग हसून हसून मोडली. हे दुसऱ्या बांधावरून ओरडले, "हात सोडू नका रे! रांग तुटली की खड्डे पडतात." भाऊजीही हसले. मी दारातून ऐकत होते. कामावरच्या माणसांसमोर बोलायची मला सवय नाही, पण हसू मलाही आलं. ठमी गेल्यानंतरचं ते पहिलंच असेल. हसल्यावर लगेच मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. घरात कुणी नव्हतं.

एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. सुट्टीचा दिवस होता. मी गवऱ्या उलटत होते आणि भाऊजी चहाचा कप घेऊन बांधावर बसले होते. समोरची जुनी कोंडी मळून, पाणी भरून तयार होती. तिच्यात आकाश उतरलं होतं. एक बगळा स्वतःच्याच पायांवर उभा होता, खाली डोकं केलेला आणखी एक बगळा घेऊन.

"वहिनी," ते म्हणाले, "इथून कोंडी कशी दिसते तुम्हाला?"

"आरशासारखी."

"आणि खाली उतरून वाकून बघितली तर?"

"टाचांचे खळगे दिसतात. बारीक बारीक."

"त्याहून जवळून भेगा. त्याहून जवळून मातीचे कण. आम्ही ज्याला अवकाश म्हणतो, ही तुमच्या-माझ्यामधली मोकळी जागा, तीसुद्धा तशी असेल, असं आमच्यातले काहीजण म्हणू लागलेत. लांबून बघाल तर इथला हातभर आणि चंद्रापलीकडचा हातभर एकसारखा. जागेची भूमिती सगळीकडे सारखी. पण फार बारीक गेलं की गुरुत्वाकर्षणाचे नियम आणि कणांचे नियम यांची गाठ पडते, आणि तिथे म्हणे जागेचा आकारच थाऱ्यावर राहत नाही. हातभर म्हणजे किती, तेच हलायला लागतं."

मी विचारलं, "बारीक म्हणजे मिठाच्या कणाएवढं?"

"मिठाचा कण फुगवून पृथ्वीएवढा केलात ना, तरी त्याच्यावर ते दिसायचं नाही."

मला ते डोळ्यांसमोर आणता येईना. मी हातातल्या गवरीकडे बघत राहिले. मग म्हटलं, "आत एवढं सगळं हलतंय, तर बाहेरून सारखं कसं दिसतं?"

भाऊजींनी माझ्याकडे वळून बघितलं. "सरांनी मला हेच शोधायला दिलंय. ही सपाटी कुठून येते. अजून तरी कुणालाच ठाऊक नाही. ही रांग बघतो तेव्हा कधीकधी वाटतं, एकेक पाऊल तर खड्डाच पाडतं ना? तरी सगळी मिळून सपाट होतं. तसंच काही असेल. पण हे नुसतं वाटणं झालं, वहिनी. गणितात बसत नाही अजून."

माझ्या मनात जे होतं ते विचारायला मला थोडा वेळ लागला. "मग सगळं सारखं झाल्यावरही एखादी जागा वेगळी राहत असेल का? म्हणजे, तिथे काही झालेलं असेल तर?"

त्यांना आधी कळलं नाही. ते उत्साहातच होते. "लांबून ओळखू येईल अशी नाही. जागेवर काही लिहिलेलं नसतं ना! 'इथे' म्हणजे कुठे, हे दुसऱ्या कशापासून तरीच सांगता येतं. अमक्या खांबापासून, तमक्या झाडापासून. तेच नसेल तर..."

"झाड आहे की," मी म्हटलं.

 कपातला चहा त्यांनी बांधावर ओतून टाकला.  मग म्हणाले, "वहिनी, दादा मला ओरडेल. पण ते झाड नाही ते."

मी हातातली गवरी खाली ठेवली.

"बांधात पाणी सोडायची फळी असते ना, तिचा खांब धरून आम्ही जागा लक्षात ठेवली होती. बांध फुटला तेव्हा खांब गेला. जवळची तिवरंही गेली. पाणी ओसरल्यावर दादा आणि मी गेलो होतो बघायला. नुसता चिखल. मी म्हणालो इथे, दादा म्हणाला तिथे. नव्या कोंडीत आहे कुठेतरी, एवढंच नक्की."

बगळा उडाला. दोन्ही बगळे क्षणभर वेगळे झाले आणि पाण्यातलं आकाश पुन्हा सारखं झालं. भाऊजी बोलत होते, माफ करा म्हणत होते बहुतेक. मला फक्त एकच गोष्ट सुचत होती. उद्यापासून नवी कोंडी मळायला घेणार होते. कोंडी मोठी, माणसं अपुरी, म्हणून मुकादमाच्या घरातूनही रांगेत यावं लागेल, असं हे दोन दिवसांपूर्वीच म्हणाले होते. माझे पाय त्या चिखलात पडणार होते.

संध्याकाळी जेवायला वाढताना मी ह्यांना म्हटलं, "उद्या मी येणार नाही."

"का गं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

हातातला घास ताटात परत गेला. "वसंताने सांगितलं?"

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुला फूल ठेवायला काहीतरी हवं होतं," हे म्हणाले. "मी काय दाखवणार होतो? चिखल?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय होतं?"

हे ताटावरून उठले. मी ताट उचललं. भातात बोटांच्या खुणा होत्या. जेवणारा माणूस उठून गेला तरी ताटाकडे बघून कळतं, कोण बसलं होतं ते. मातीला एवढंसुद्धा जमू नये?

अजूनही मी त्यावर अडते. लहानपणी शाळेत बाई फळा पुसायच्या, तेव्हा पुसल्यानंतरही अक्षरांची पांढरट सावली राहायची. मी पाठ देताना ती सावली बघून उत्तरं द्यायची. जगात काहीही झालं तरी अशी सावली मागे राहत असणार, असं मी धरून चालले होते. भाऊजींचं म्हणणं ऐकल्यापासून मला आकाशाकडे बघायला भीती वाटायला लागली. एवढं सारखं, एवढं स्वच्छ! किती काय काय पुसल्यावर असं होत असेल?

भाऊजी आता बंगळूरला असतात. या दिवाळीला आले होते. चकली खाता खाता मी विचारलं, "सापडलं का हो, ते सपाटीचं?" ते म्हणाले, "नाही वहिनी. आता तर वाटतं, प्रश्नच नीट विचारलेला नाही." त्यांचे केस कानावर पिकायला लागले आहेत. खिशावरचा डाग तसाच. जाताना ते नव्या कोंडीच्या बाजूने गेले नाहीत, रस्त्याने लांबून गेले. ह्या घरातली सगळी माणसं ती कोंडी टाळून चालतात आणि कुणी कुणाला तसं म्हणत नाही.

त्या कोंडीचं मीठ घरी येतं. पहिल्या वर्षी मी ते वेगळ्या बरणीत ठेवलं आणि वापरलं नाही. पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं. तेही मी फेकलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्या कोंड्यांचं मीठ एकाच ढिगात आलं, आणि कुठला दाणा कुठला ते मला सांगता येईना. आमटीत मीठ घालताना मी नेहमी चिमूट उजेडात धरून बघते. दाणे चौकोनी असतात, सगळे सारखे.

हे ताटावरून उठले त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही. पहाटे अंगणात हिराबाईचा आवाज आला आणि माझ्या लक्षात आलं, की मी गेले नाही तरी कोंडी मळली जाणारच आहे. माझे पाय नसतील, दुसऱ्यांचे असतील. आगऱ्यांचे, घाटावरून आलेल्या मजुरांचे, ठमीचं नावसुद्धा ठाऊक नसलेल्या माणसांचे. मी लुगड्याचा काचा मारला आणि गेले. हे बांधावर छत्री घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी तोंड खाडीकडे वळवलं.

हिराबाईने मला आपल्या शेजारी घेतलं. तिचा हात माझ्या कमरेला पडला आणि चिखल थंडगार पोटऱ्यांपर्यंत आला. रांग निघाली. मी पाय अलगद टाकत होते. झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पलीकडे जाताना टाकतो ना, तसा.

थोडं पुढे गेल्यावर हिराबाई हळू म्हणाली, "अशी नको टाकूस गो."

"कशी?"

"हलकी. हलक्या पायाखाली उंचवटा ऱ्हातो. मग तुझ्याच जागी लाकडाच्या चोपण्यानं हाणतील. पुरता भार दे."

माझ्याने पाऊल उचलेना. रांग माझ्यापाशी वाकडी झाली. मागून कुणीतरी पुरुष हसला, "मुकादमीणबाई दमल्या वाटतं!" हिराबाईने मान न वळवता त्याला एक शिवी हासडली. मग मला म्हणाली, "मला ठाव हाय तुजं. माझी पण दोन हायत या खाजणात."

"कुठे?"

"कोनाला ठाव! जुनी कोंडी आसल, ही आसल. भरतीला इचार." आणि जरा थांबून, "ती पलीकडची यमुना, तिचं एक. तिच्या सासूचं एक. चल आता, पाय टाक."

मी रांगेवरून नजर फिरवली. बायका पुढे बघत होत्या, माना ताठ, पाय एका तालात. त्या वर्षानुवर्षं हेच करत होत्या, आणि मी घरात बसून ते ऐकत होते. मी पाय उचलला आणि सगळा भार देऊन खाली टाकला. तळपायाखाली चिखल दबला, बाजूला सरला, पुन्हा येऊन बसला. काही वेगळं लागलं नाही. दुसरा टाकला. मग प्रत्येक पावलाला मी मनात म्हणत गेले, इथे असशील तर ही मी आहे. इथे असशील तर ही मी आहे. दुपारपर्यंत कोंडीतली अशी एकही जागा उरली नाही जिथे मी हे म्हटलं नाही. तेव्हापासून ठमी मला एका जागी आठवत नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळीकडे ती सारखीच आहे, आणि सारखीच नाही. याने बरं वाटलं असं मी लिहिणार नाही. जिला एक जागा असते तिच्यापासून उठून घरी तरी येता येतं.

मळणी पुरी झाली तेव्हा ऊन कलतं होतं. मळून झाल्यावर लगेच कोंडी भरत नाहीत. आधी बांधाची फळी बोटभर उचलून पाण्याचा नुसता पापुद्रा सोडतात. तळ कुठे उंच राहिला असेल तर तिथे पाणी चढत नाही, कोरडा तुकडा उरतो. बायका त्याला बेट म्हणतात. बेट दिसलं की माणूस धाडून ते लाकडी चोपण्याने चोपायचं, आणि एकही बेट उरलं नाही की मुकादम हात वर करतो. मग फळी पूर्ण उचलतात.

पापुद्रा निघाला. आम्ही सगळे बांधावर चढून बघत उभे राहिलो. पाणी चिखलावरून सरकत होतं, काच सरकावी तसं. मी बेट शोधत होते. एवढंसं, तळहाताएवढं. ते दिसलं असतं तर ते तिचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाऊजींना काही का वाटेना.

तेवढ्यात मला हे दिसले. छत्री कुठेतरी टाकून दिलेली. बांधावरून भराभर चालत होते, थांबत होते, वाकून पाण्याच्या कडेला नजर लावत होते, पुन्हा चालत होते. मुकादम बेट शोधतो तेव्हा चोपणंवाला माणूस त्याच्या मागे असतो. ह्यांच्या मागे कुणी नव्हतं. चोपण्यासाठी ते बेट शोधतच नव्हते.

पाण्याची दोन्ही टोकं मधे येऊन मिळाली. हिराबाई ओरडली, "झाली गो कोंडी! बोटभर हिकडं नाय, बोटभर तिकडं नाय!" बायकांनी हातपाय धुवायला घेतले. फळीवरच्या माणसाने हाक दिली, "सोडू का मुकादम?"

ह्यांनी हात वर केला नाही. ते समोरच्या बांधावर पाठमोरे उभे होते, मान खाली.

"मुकादम! सोडू का?"

सगळी माणसं बघायला लागली. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मग हिराबाईकडे. हिराबाई खाली वाकून पायाचा चिखल काढत राहिली. ह्यांचे खांदे हलत होते. त्या क्षणी मला कळलं, की हे हात वर करणार नाहीत. अंधार पडला तरी नाही, भरती येऊन फळीवरून आत शिरली तरी नाही. ते तसेच उभे राहतील आणि एवढी माणसं त्यांच्याकडे बघत राहतील.

"सोडा," मी म्हटलं.

आवाज कुणाला पोचला नाही. मी घसा साफ केला आणि मोठ्याने ओरडले, "सोडा पाणी!"

फळी वर गेली.